दुधाच्या किटल्या, इंजिनची सायकल आणि सैल सायलेन्सर : एक प्रकरण

पार्श्वभूमी

अंबाजोगाई आणि रेणापूर यांच्या मधल्या पट्ट्यातलं एक गाव. बालाघाटच्या उतारावर वसलेलं, त्यामुळे शेतं खाली, गावठाण मध्ये आणि दूध संकलन केंद्र वर रस्त्याच्या कडेला. कुटुंबाची ओळख लागू नये म्हणून गावाचं नाव देत नाही आणि माणसांना नात्यानेच ओळखू या: काका आणि त्यांचा पुतण्या. पुतण्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला, माझ्या वर्गात. म्हणून हे प्रकरण माझ्यापर्यंत आलं.

काकांच्या दावणीला एक म्हैस, दोन संकरित गाई आणि हौसेने सांभाळलेली एक देवणी. पहाटे धारा काढायच्या, दोन किटल्या कॅरियरच्या दोन्ही अंगाला अडकवायच्या आणि चढ चढून दूध घालायचं. वर्षानुवर्षं हे पायांच्या जोरावर चाललं. गुडघे कुरकुर करू लागले तेव्हा पुतण्याने सायकलला बसवायचा इंजिनचा किट ऑनलाइन मागवला आणि घरच्या जुन्या डबल दांडीच्या सायकलवर अंगणातच जोडला.

हे इंजिन टू-स्ट्रोक, एका सिलिंडरचं. फ्रेमच्या त्रिकोणात बसतं, डाव्या बाजूने वेगळ्या चेनने मागचं चाक फिरवतं. पेडल मारून वेग घ्यायचा, क्लच सोडला की इंजिन सुरू. खोक्यावर ‘८० सीसी’ लिहिलेलं होतं. सिलिंडरचा व्यास ४७ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, ३८ मिलिमीटर धरून गणित केलं तर ६६ सीसी येतात. हा आकडा इथे नोंदवून ठेवतो, कायद्याचा विषय निघेल तेव्हा लागेल. तसं कायद्याच्या नजरेत ६६ काय आणि ८० काय, दोन्ही सारखेच.

अडचण

दिवाळीनंतर दोन तक्रारी एकदमच आल्या. पहिली शेजाऱ्यांची: पहाटे पाचला गल्लीत फटफट सुरू झाली की लेकरं उठतात. शेजारच्या आजी काकांना तोंडावर म्हणाल्या, “तुमचं दूध डेअरीला जायलाय का लढाईला?” दुसरी तक्रार काकांची स्वतःची: भरल्या किटल्या घेऊन चढावर गाडी दम टाकते, शेवटी पेडल मारावंच लागतं.

दोन तक्रारी, आणि घरात दोन उपाय. काकांना आवाज कमी करून हवा होता, त्यासाठी सायलेन्सरच्या तोंडात भांडी घासायची तारेची घासणी कोंबायची त्यांची तयारी होती. पुतण्याने व्हिडिओ पाहिले होते, त्यामुळे त्याला सायलेन्सरमधली आतली नळीच काढून टाकायची होती. म्हणजे धूर मोकळा होईल आणि ओढ वाढेल. एक बंद करायला निघाला, दुसरा उघडायला. सायलेन्सर तोच, आणि दोघांनाही खात्री होती की रोग त्याच्या शेपटीच्या टोकाशी आहे.

आवाजाचा रोग दुसऱ्या टोकाला होता. हे प्रकरण लिहून काढण्याजोगं वाटलं ते त्यामुळेच.

तपासणी

घरात हत्यारं म्हणायला १० नंबरचा रिंग पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, हातोडी, एक गोल आणि एक चपटी कानस, करवतीचं पातं आणि सायकलचा पंप. तपासायला एवढीही लागली नाहीत.

आधी नुसतं पाहिलं. सिलिंडरला सायलेन्सरचा पाईप जिथे दोन स्टडवर (सिलिंडरमध्ये रोवलेल्या आटेदार दांड्यांवर) बसतो, त्या फ्लँजखाली, म्हणजे पाईपच्या तोंडाच्या चपट्या पट्टीखाली, काळ्या तेलकट धारा ओघळलेल्या होत्या आणि खालचा केसिंगचा भाग चिकट झाला होता. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलसोबत ऑइल जळतं, अर्धवट जळलेलं ऑइल धुरातून बाहेर पडतं. ते शेपटीतून पडणं ठीक, पण जोडावर दिसलं तर तिथून धूर निसटतोय.

मग इंजिन थंड असताना जोडाला साबणाचं पाणी लावलं आणि गाडी चालू केली. फ्लँजच्या खालच्या अर्ध्या भागावर बुडबुडे फुटले. इंजिन तापायच्या आत काय ते पाहून घ्यावं लागतं, नंतर पाणी उडून जातं. तिसरी चाचणी गॅरेजवाल्यांची जुनी: हातात जाड कातडी मोजे घालून, ओल्या फडक्याने सायलेन्सरचं मागचं तोंड क्षणभर दाबायचं. जोड घट्ट असेल तर इंजिन गुदमरून बंद पडतं. इथे ते चालूच राहिलं आणि पुढून ‘फस् फस्’ असा आवाज वाढला.

यावेळी कार्ब्युरेटरच्या बाजूचा जोडही तपासला, कारण तिथली गळती जास्त घातक. सायलेन्सरच्या जोडातून धूर बाहेर जातो, तर कार्ब्युरेटरच्या जोडातून जादा हवा आत येते. मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, आणि पेट्रोलमधूनच ऑइल मिळणारं हे इंजिन पिस्टन चिकटून जाम होऊ शकतं. तो जोड सुदैवाने कोरडा होता.

पाना लावला तेव्हा एक नट बोटांनी फिरला. दुसरा फिरेचना, आणि जोर लावल्यावर स्टडसकट बाहेर आला. स्टडचे आटे झिजले होते, सिलिंडरमधले अजून शाबूत होते. पॅकिंग जळून अर्धं उडालेलं. फ्लँजचं तोंड काचेवर ठेवलं तर डुगडुगत होतं, कारण एकच नट आवळून आवळून ते वाकलं होतं.

नट का सैल झाले, याचं उत्तर पुतण्याने दिलं, तेही सहज बोलताना. किटसोबत सायलेन्सरला मागून धरणारी एक पट्टी आली होती. ती लावली की पाईप पेडलच्या दांड्याला घासत होता. म्हणून त्याने पाईप थोडा बाहेरच्या अंगाला फिरवून बसवला आणि पट्टी खोक्यातच ठेवली.

म्हणजे साखळी अशी: पेडल घासत होतं, म्हणून पट्टी लागली नाही. पट्टी नाही, म्हणून अख्खा सायलेन्सर ६ मिलिमीटरच्या दोन स्टडवर लोंबकळत राहिला. एका सिलिंडरचं इंजिन थरथरतंच, त्यात बालाघाटचा खडीचा रस्ता. लांब पाईपच्या टोकाचं वजन दर धक्क्याला फ्लँज उचकटत राहिलं. नट सैल, पॅकिंग जळालं, धूर जोडातून फुटला. आणि सायलेन्सरच्या आधीच फुटलेल्या आवाजाला सायलेन्सर काय करणार? घासणी कोंबली असती तर शेपटीचं तोंड बंद होऊन उलट जोडावरचा दाब वाढला असता.

चढावर दम का लागत होता, ते मागचं झाकण उघडल्यावर दिसलं. झाकणाला जोडलेली भोकांची नळी काजळीने निम्मी बुजली होती. काका पेट्रोलमध्ये ऑइल टाकत होते ते बाटलीच्या झाकणाने, अंदाजपंचे. “जास्त पडलं तर काय वाईट आहे का, इंजिनालाच लागतंय की,” हा त्यांचा हिशोब. पंचवीसास एक या प्रमाणाला लिटरमागे ४० मिली लागतं. इंजिन नवीन असताना सुरुवातीला जास्त ऑइल द्यायला सांगतात, ते काकांनी कायमचं धरलं होतं.

कोणते पर्याय होते

पेडल आणि पाईपची टक्कर सोडवल्याशिवाय बाकीचं सगळं वाया जाणार, हे ठरलं. त्यासाठी बरेच मार्ग चर्चेला आले.

पाईपला हातोडीने खळगा पाडून पेडलला जागा करायची. पाच मिनिटांचं काम, पण पाईप आधीच अंगठ्याएवढा जाड. त्याचं पोट दाबलं की धुराची वाट आवळते, काजळी तिथेच साचते.

सायलेन्सर मधूनच कापून आखूड करायचा. पुतण्याला हे फार आवडलं होतं. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन खाली असताना ताजं मिश्रण येण्याची आणि धूर जाण्याची दारं थोडा वेळ एकाच वेळी उघडी असतात. थोडं ताजं मिश्रण धुरासोबत निसटतंच. पाईपची लांबी आणि आकार यांमुळे दाबाची जी लाट परत येते, तिच्यावर हे निसटणं कमी-जास्त होतं. वेगवान टू-स्ट्रोक गाड्यांचे फुगीर सायलेन्सर त्याच हिशोबाने बनवतात. किटमधला साधा डबा काही तसा मोजून-मापून केलेला नसतो, पण आंधळेपणाने कापला तर ओढ वाढण्याऐवजी घटूही शकते. आवाज मात्र नक्की वाढतो. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२० नुसार मोटार वाहनाला सायलेन्सर असायलाच हवा.

तालुक्याला नेऊन पाईप कापून, कोन बदलून वेल्डिंग करून आणायचा. हा रास्त मार्ग होता. अडचण दोन: पातळ पाईपला वेल्डिंगने भोकं पडण्याची भीती, आणि दूध रोजचं असल्याने सायकल दिवसभर अडकून चालत नव्हती.

फ्लँजची भोकं गोल कानशीने लांबट करून पाईप थोडा फिरवायचा. घरी होण्यासारखं, पण यातून जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची सोय होते.

गावातल्या लोहाराच्या भात्यावर पाईप तापवून थोडा वाकवायचा. आणि शेवटी, इंजिनच काढून ठेवायचं. हा सहावा पर्याय मी मांडला तेव्हा काका माझ्याकडे बघतच राहिले.

काय केलं

पहिला निर्णय फुकटचा होता, आणि तो काकांनीच घेतला. गल्लीत इंजिन चालूच करायचं नाही. क्लच दाबून पेडल मारत मारुतीच्या देवळापर्यंत जायचं, गल्ली संपली की तिथे चालू करायचं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रहिवासी भागात त्या वेळेची मर्यादा ४५ डेसिबल, दिवसाची ५५. पहाटे पाचची फेरी म्हणजे नियमाने रात्रच. जोड कितीही घट्ट केला तरी हे इंजिन घरासमोर ४५ डेसिबलमध्ये बसणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितलं होतं.

दुसरा निर्णय लोहाराकडे जाण्याचा. फ्लँजची भोकं लांबट करून पाहिली, पेडल घासायचं थांबलं पण पट्टी लावायला जागा उरली नाही. तेव्हा पाईप वाकवणं आलंच.

पोकळ पाईप तसाच तापवून वाकवला तर वळणावर चपटा होतो. म्हणून आत वाळू ठासून भरतात. मागचं झाकण नळीसकट काढलं, आतला डबा मोकळा होता. लोहारकाकांनी शेजारच्या बांधकामावरची वाळू आणायला पोराला पिटाळलं आणि तिथे मी थांबवलं. ती वाळू पाणी मारलेली होती. बंद पाईपमधल्या ओल्या वाळूला ताव लागला की पाण्याची वाफ होते, आणि तिला वाट नसेल तर पाईपच्या तोंडाला ठोकलेली खुंटी बंदुकीच्या गोळीसारखी सुटते किंवा पाईप फुटतो. लोहारकाका म्हणाले, “आम्ही आजवर अशीच भरलोय.” असतीलही, वाळू थोडी कोरडी असेल, खुंटी सैल असेल. पण वाद न घालता त्यांनीच परात काढली. वाळू चाळली, परातीत भाजली, हाताला कोरडी खळखळ लागेपर्यंत. फ्लँजच्या बाजूला लाकडाची खुंटी बसवली आणि तिला वाफेसाठी बारीक भोकही ठेवलं.

पाईप आधी आतून-बाहेरून पुसून घेतला होता. ऑइलने भरलेला पाईप भात्यावर ठेवला तर धूर आणि भडका दोन्ही. वरचं चमकदार क्रोमियमचं आवरण तापवण्याच्या जागेपुरतं कानशीने उतरवलं, आणि भाता उघड्यावर, वाऱ्याची दिशा पाहून. कुणी याच कामासाठी जस्ताचं पाणी दिलेला, म्हणजे जीआय पाईप वापरायचा विचार केला तर करू नये. तापलेल्या जस्ताच्या धुराने थंडी-ताप भरतो, फुप्फुसांना त्रास होतो.

पाईप लालबुंद झाल्यावर लोहारकाकांनी तो सांडशीत धरून ऐरणीच्या शिंगावर एका दमात, थोडासाच वाकवला. किती, ते आधीच ठरवलं होतं: तारेचा तुकडा वाकवून सायकलवर धरून माप घेतलं होतं आणि तीच तार ऐरणीजवळ ठेवली होती. असं माप जवळ नसतं, तर पुन्हा पुन्हा तापवून पाहण्यातच पाईप पातळ झाला असता.

वाळू काढण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जायलाच हवा होता. ठोकून, उलटा टांगून, पंपाने हवा मारून, पुन्हा ठोकून. सायलेन्सर धूर बाहेर टाकतो, मग आतली वाळू इंजिनात कशी जाईल, असं पुतण्याने विचारलं. एरवी जाणार नाही. पण सायकल आडवी पडली, किंवा बंद इंजिनात पाईपमधले चार कण सिलिंडरच्या दाराशी सरकले, तर पिस्टन आणि सिलिंडरच्या भिंतीला चरे पडायला तेवढे पुरे. पाईप आपटल्यावर पांढऱ्या कागदावर काही पडत नाही असं झालं तेव्हाच थांबलो.

फ्लँज सपाट करायला काकूंचा ओटा कामी आला. कडप्प्याच्या ओट्यावर पॉलिश पेपर पाण्याने चिकटवला आणि फ्लँज त्यावर आठच्या आकड्यात घासली. काळे राहिलेले डाग म्हणजे खोलगट जागा, ते जाईपर्यंत घासत राहायचं. काकूंनी अट घातली होती की नंतर ओटा पुतण्यानेच धुवायचा. त्याने धुतला.

पॅकिंगसाठी तयार शीट मिळतं, पण जुन्या शीटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते कापताना-खरवडताना उडणारी धूळ छातीत जाणं वाईट. घरात फुटक्या तांब्याच्या घंगाळाचा पत्रा पडलेला होता. त्यातून पॅकिंग कापलं, कानशीने कडा मारल्या, मग लाल करून पाण्यात टाकलं. लोखंड असं केलं तर कडक होण्याची शक्यता असते, तांबं मात्र मऊ पडतं. मऊ तांबं आवळल्यावर बारीकसारीक खळग्यांत बसतं आणि जळत नाही.

झिजलेल्या स्टडच्या जागी ६ मिलिमीटरचे नवे स्टड बसवले. स्टड बसवायला वेगळं हत्यार नव्हतं. दोन नट एकमेकांवर आवळायचे आणि बाहेरच्या नटावर पाना लावून स्टड आत फिरवायचा. दुसऱ्या बाजूचा जुना स्टड निघेना, तेव्हा सिलिंडरचा तेवढा भाग गरम केला. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, पकड ढिली होते. नायलॉनचं कडं असलेले नट इथे चालत नाहीत, उष्णतेने नायलॉन मऊ पडतं. साधे नट आणि त्यावर दुसरा नट आवळून काम भागलं.

पट्टीची जागा हा शेवटचा निर्णय. पुतण्या ती सायकलच्या फ्रेमला बांधणार होता. मी म्हटलं, इंजिनच्या मागच्या बोल्टला बांध. इंजिन आणि फ्रेम वेगवेगळ्या लयीत थरथरतात. सायलेन्सरचं एक टोक इंजिनला आणि दुसरं फ्रेमला असेल तर मधला पाईप रोज थोडा पिळला जातो. दोन्ही टोकं इंजिनलाच असतील तर सगळं एकत्र हलतं. लोखंडी पट्टी, टीव्हीच्या अँटेनाला लागतो तसा यू-बोल्ट, आणि रबर लावायचंच तर ते गरम पाईपच्या बाजूला नाही.

आवळण्याचा क्रम महत्त्वाचा: फ्लँजचे नट आधी नुसते बोटांनी, मग पट्टी जागेवर आणून सैल, मग फ्लँजचे दोन्ही नट आलटून-पालटून थोडे थोडे, सगळ्यात शेवटी पट्टी. पट्टी जबरदस्तीने ओढून बसवावी लागली, तर ताण पुन्हा फ्लँजवरच जातो. आणि जोर किती? ॲल्युमिनियममधल्या ६ मिलिमीटरच्या स्टडला १० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाशी ९-१० किलोचा दाब पुरतो. पुतण्या आधी पान्याला पाईप लावून आवळायचा. फ्लँज वाकली आणि आटे झिजले, त्यात या आवळण्याचाही वाटा होता. पहिल्या फेरीनंतर इंजिन पूर्ण गार होऊ देऊन नट पुन्हा तपासले, अर्ध्या फेऱ्याइतके फिरले.

काजळीची नळी गोवऱ्यांच्या आरावर, कडब्यापासून लांब, भाजून झाडली. ऑइलसाठी खोकल्याच्या औषधाचं १० मिलीचं माप दिलं: लिटरला चार मापं, एक थेंब इकडे-तिकडे नाही.

निष्पत्ती

पेडल आता मोकळं फिरतं, दांडा आणि पाईप यांमध्ये अंगठा जाईल एवढी फट आहे. चढावर भरल्या किटल्या घेऊन गाडी इंजिनवरच चढते. तो गुण वाकवलेल्या पाईपचा नाही, साफ झालेल्या नळीचा आणि मापातल्या ऑइलचा. आवाज कमी झाला, म्हणजे फुटका कर्कशपणा गेला. इंजिनचा स्वतःचा आवाज आहे तेवढा आहेच. शेजारच्या आजींची तक्रार थांबली, पण त्याचं निम्मं श्रेय मारुतीच्या देवळापर्यंतच्या पेडलला द्यायला हवं.

एक नवी अडचण आम्हीच तयार केली. पाईप आत वळल्यामुळे सायलेन्सरचा तापलेला भाग काकांच्या पोटरीच्या आणि धोतराच्या काठाच्या जवळ आला. गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून, पाईपपासून बोटभर हवा सोडून आडोसा केला. पत्रा पाईपला चिकटवला तर तोही तेवढाच तापतो, काम करते ती मधली हवा. गोणपाट गुंडाळण्याची काकांची सूचना नाकारली. तेलकट गोणपाट आणि तापलेला सायलेन्सर, त्यात गाडी उभी राहते कडब्याच्या गंजीशेजारी. सोयाबीनच्या दिवसांत तर शेतात बनीम, म्हणजे कापलेल्या पिकाचा ढीग, असते. गाडी तिथून लांब लावायची, हा नियम घरात पाळला जातो.

गाडी चालू करून पाहायची ती अंगणात. थंडीत पत्र्याच्या शेडचं दार लावून इंजिन चालू ठेवण्याची सवय होती, ती बंद केली. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्या शेडमध्ये वासरं बांधलेली असायची.

कायद्याची बाजू सुटलेली नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(२८) मध्ये चारपेक्षा कमी चाकांच्या वाहनाला २५ सीसीपर्यंतचं इंजिन असेल तर ते ‘मोटार वाहन’ धरत नाहीत. ६६ सीसीची सायकल त्यात बसत नाही. म्हणजे तिला नोंदणी, विमा, लायसन्स, सगळं लागतं. आणि नोंदणीसाठी त्या प्रकारच्या वाहनाचं पुण्यातल्या एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेकडून प्रमाणपत्र असावं लागतं, ते घरी जोडलेल्या सायकलला मिळत नाही. हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, “सर, गावात कोण विचारतंय?” कुणी विचारत नाही हे खरं आहे. पण चढावरून उतरताना एखाद्या पोराला धक्का लागला तर विमा नसलेल्या गाडीचा सगळा भार काकांच्या अंगावर येईल, हेही खरं आहे.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत आधीचा निर्णय, किट घेण्याचा, कुणी तपासलाच नाही. विजेची सायकल त्या वेळी विचारात घ्यायला हवी होती. २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची असेल तर तिला नोंदणी लागत नाही, सायलेन्सरही नसतो. चढ आणि दोन किटल्या तिला कितपत झेपल्या असत्या, हा प्रश्न उरतोच, म्हणून तिला आदर्श म्हणत नाही. पण पहाटे गल्लीतून जाण्यासाठी ती सरळ बरी होती.

किट जोडताना पट्टी बसली नाही, तिथेच थांबायला हवं होतं. खोक्यात उरलेला भाग उगाच आलेला नसतो, हे फिटरच्या विद्यार्थ्याला कळायला हरकत नव्हती. तारेने माप घेऊन पाईप आधीच वाकवला असता, तर स्टड, पॅकिंग, फ्लँज यांतलं काही बिघडलं नसतं.

वाकवण्याचं काम लोहाराकडे न करता तालुक्याला वेल्डिंग करून घ्यावं का, यावर माझं मत अजूनही पूर्ण ठरलेलं नाही. चांगला वेल्डर मिळाला असता तर क्रोमियम आणि वाळू या दोन्ही कटकटी टळल्या असत्या आणि कोनही जास्त देता आला असता, म्हणजे पोटरीजवळचा आडोसा लागला नसता. आम्हाला लोहारकाकांचा हात जमला. दुसऱ्या गावात तो हात असेलच असं नाही, आणि वाळू ओली आहे हे ओळखणारा माणूस शेजारी असेल याचीही खात्री नाही.

पुतण्या सध्या कागदपत्रं पूर्ण असलेली जुनी मोपेड बघतोय. काकांची अट एकच, किटल्या दोन्ही बाजूंना बसल्या पाहिजेत.